रेघेपर्यंत भरलेली नळी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. नमस्कार नेहमीसारखाच मनापासून आहे, फक्त या खेपेला डोकं टेकवताना एक डोळा उघडा ठेवला आहे. त्याचं कारण पुढे येईल. तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून कठड्याशी भांडतेस का? क्लासच्या मुली काजं करायला शिकल्या, की सराव अजून काकांच्याच शर्टांवर चालू आहे? काकांची तब्येत मात्र विचारत नाही. ती मला सध्या इतकी सविस्तर माहीत आहे की त्यांच्या सख्ख्या भावालाही नसेल. तेही पुढे येईल. आमच्याकडे सगळे बरे आहेत. आई बरी आहे आणि खुशीत आहे, बाबा बरे आहेत आणि गप्प आहेत, आपली धाकटी चिंगी रोजच्यासारखी दर जेवणाआधी पोटाला इन्सुलिन टोचून घेते आणि आम्ही भात कालवेपर्यंत जेवून उठतेसुद्धा.

पत्र अशासाठी की फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस ("बरं, ते राहू दे, जेवलीस का?" इथे माझं सगळं संशोधन संपतं). कागदाचं बरं असतं, त्याला मध्येच तोडून जेवणाचं विचारता येत नाही. तरी तू अर्धवट ठेवशीलच या भीतीनं मुद्दा आधीच सांगते. चिंगीची साखर ही मुलांना होते ती नेहमीची साखर नसावी, असा मला आणि आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमना दाट संशय आहे. तो खरा ठरला तर तिची इंजेक्शनं जाऊन साध्या गोळीवर भागू शकेल. आणि तो खरा ठरणं सध्या तुझ्यावर अडलं आहे. आता हवं तर चहा ठेव आणि मग पुढे वाच (बिनसाखरेचा. हेही पुढे येईल).

मी काय काम करते ते घरात कुणालाच नीट माहीत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. बाबा शेजाऱ्यांना सांगतात, ती रक्तातलं काहीतरी बघते. त्यामुळे जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस मला आपला अहवाल दाखवतो आणि मी पदवीधर असूनही त्याचा ताप उतरवू शकत नाही म्हणून खट्टू होऊन वर जातो. म्हणून तुला तुझ्याच क्लासचं उदाहरण देऊन सांगते. तुझ्या कपाटात पेपर कटिंगचा तो जाडजूड गठ्ठा आहे ना, ब्लाउजपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळ्याचा? समज, तुझ्याकडे शिकून गेलेल्या प्रत्येक मुलीनं आपापलं दुकान काढलं आणि प्रत्येकीच्या कपाटात हाच गठ्ठा, एकही कागद कमी नाही. तरी एका दुकानात फक्त ब्लाउज निघतात, दुसऱ्यात फक्त पडदे. का? तर त्या त्या दुकानात कुणीतरी सकाळी येऊन एका कागदावर हात ठेवतं आणि म्हणतं, आज हे कापायचं, बाकीचं राहू दे. शरीराचं तसंच आहे. प्रत्येक पेशीत जनुकांचा गठ्ठा तोच. पण त्यातलं कुठलं जनुक उघडायचं, कुठलं घडी घालून ठेवायचं, किती वेळा आणि कधी, हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. ती जनुकाच्या पुढ्यात जाऊन बसतात आणि काम सुरू करवतात किंवा थांबवतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. (मराठी पुस्तकात त्यांना एक नाव आहे, पण ते उच्चारेपर्यंत पेशी म्हातारी होईल.) डोळ्याच्या पेशीत नख उगवत नाही, ते यांच्या कृपेनं. पेशी वाढत सुटल्या की आता बस, असं दटावणाराही यांतलाच एक असतो, आणि तो बिघडला की शरीरात गाठी होतात. सगळं सुरळीत असलं की यांचं कुणी नाव घेत नाही, आणि बिघडलं की दोष भलत्यालाच. म्हणजे थोडक्यात, आत्या, आपल्या खानदानात तू जी आहेस, तेच पेशीत हे असतात. माझं कॉलेजचं जनुक बाबा घडी घालून ठेवणारच होते. तू येऊन त्याच्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, हे कापायचं. म्हणून तर घरातली पहिली पदवी निघाली.

आता साखर. स्वादुपिंडात इन्सुलिन करणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांच्या दुकानात हात ठेवणारं एक प्रथिन आहे, एचएनएफ-वन-अल्फा. (नावावरून रेडिओचं स्टेशन वाटतं, मी मान्य करते.) त्याचं जनुक आपल्याला दोन प्रतींत मिळतं, एक आईकडून, एक बापाकडून. काही घराण्यांत त्यातली एक प्रत बिघडलेली असते आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाते. मग काय होतं, पेशी जिवंत असतात, इन्सुलिनही बनवतात, पण रक्तात साखर वाढली की माल बाहेर सोडायचा निरोप दरवाज्यापर्यंत नीट पोचत नाही. अशी माणसं सडपातळ असतात, तरुणपणीच साखर धरतात, आणि पुष्कळदा त्यांना चुकून आयुष्यभर इंजेक्शनं लावली जातात. खरं तर एक साधी जुनी गोळी थेट त्या दरवाज्याची कडी काढते आणि बहुतेकांचं त्यावर भागतं. आता आपलं घराणं आठव. बाबा काडीसारखे, साखर ऐन तारुण्यात. आजी काडीसारखी, तीच गत. चिंगी तर काय, उभी राहिली की सावलीला लाज वाटते. तिच्या अंगात अजून स्वतःचं इन्सुलिन बनतंय, आणि मुलांच्या नेहमीच्या साखरेत रक्तात जे सापडतं ते तिच्या रक्तात नाही. आम्ही तिचं ते जनुक वाचलं, तर त्यात एक अक्षर बदललेलं निघालं. बाबांचं वाचलं, तर तेच अक्षर.

तू म्हणशील, मग झालं की. मीही तसंच म्हणाले आणि मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांचं म्हणणं असं, की बदललेली अक्षरं प्रत्येक माणसात ढिगानं असतात आणि त्यातली बहुतेक कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. चिंगीला बापाकडून नाकही आलं आहे, म्हणून नाकामुळे साखर होते असं म्हणणार का? बाकीचा पुरावा बराच जमलाय (तो किचकट आहे, तुला सूट देते), पण तराजूचा काटा मधोमध अडलाय. बाबांच्या बहिणीचा नमुना जिकडे पडेल तिकडे तो झुकेल. बहिणीत अक्षर आहे का, आणि बहिणीला साखर आहे का, एवढंच कळायला हवं. म्हणून मी त्या रविवारी तुम्हाला जेवायला बोलावलं आणि जेवणाच्या बऱ्याच आधी प्रत्येकाच्या हातात एकेक नळी दिली (बाबांचं आणि चिंगीचं पुन्हा एकदा पडताळायला).

तो रविवार आठवला की मला अजून घाम फुटतो. लाळ द्यायची म्हणजे थुंकायचं, आणि थुंकायचं म्हणजे वडीलधाऱ्यांसमोर, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. बाबा एवढे मोठे गृहस्थ, पण थोरल्या बहिणीसमोर थुंकणार नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, वर्गात शिक्षा झाल्यासारखे. आई सगळ्यात आधी नळी भरून मोकळी झाली. चिंगीची साखर तिच्या लाडामुळे झाली हे तिनं इतकी वर्षं आपल्या सासरच्यांकडून ऐकलंय (नावं घेत नाही, तू समोरच होतीस), त्यामुळे दोष बाबांकडचा असू शकतो हे कळल्यापासून आईएवढी विज्ञानाची बाजू घेणारं आमच्या गल्लीत दुसरं कुणी नाही. काकांकडून नमुना नको होता, ते बाहेरच्या घराण्यातले, तर ते जरा रुसल्यासारखे सोफ्यावर बसले. आणि मी तुला विचारलं, आत्या, तुला साखर आहे का? तू म्हणालीस, मला कसली साखर, मी दिवसभर उभी असते. मी तसंच नोंदवून घेतलं. मग तू नळी घेऊन आतल्या खोलीत गेलीस, दार लावून घेतलंस, जरा वेळानं चष्मा सापडत नाही म्हणून काकांना आत बोलावलंस (चष्मा तुझ्या कपाळावर होता, मी पाहिला होता, पण म्हटलं असेल काही), आणि बाहेर आलीस ती नळी अगदी रेघेला रेघ भरून. बाबांची जेमतेम, चिंगीची फेसाळ, आणि तुझी अशी की प्रयोगशाळेच्या भिंतीवर चित्र लावावं. मी ती उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, याला म्हणतात शिस्त. आत्या, हे वाक्य मी आता रोज आठवते आणि रोज नव्यानं लाजते.

प्रयोगशाळेत आमची एक जुनी पद्धत आहे. कुठलाही नमुना वाचायच्या आधी तो बाईचा की पुरुषाचा हे तपासून घ्यायचं, म्हणजे नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर तिथेच कळतं. हे काम आमच्यातला एक थोरला विद्यार्थी करतो. त्याला सगळे शंकासुर म्हणतात, कारण तो सकाळी नळाला पाणी आलं तरी ते खरंच पाणी आहे का बघतो. तो माझ्या टेबलापाशी आला आणि अगदी सौजन्यानं म्हणाला, की तुझ्या आत्यांच्या नळीत एक बाई आहे आणि एक पुरुषही आहे. मी म्हटलं, शक्य आहे, आमच्या आत्या घरात दोघांचंही काम करतात. तो हसला नाही. मॅडम तर मुळीच हसल्या नाहीत. त्यांच्या मते घोळ माझ्या हातून झाला होता. दोन नमुने एकत्र झाले, म्हणजे हातमोजे बदलले नाहीत, म्हणजे घरचं काम म्हणून घाई केली. आत्या, मला कुणी काळी म्हणावं, बावळट म्हणावं, मी जेवून झोपते. पण हातमोजे बदलले नाहीत म्हटल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते शीतगृहात जाऊन पुसलं, कारण तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येतं. मग उरलेली लाळ काढून, टेबल धुऊन, नव्या पेटीतले मोजे घालून, शंकासुराला शेजारी उभा करून पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. उत्तर तेच. बाई आणि पुरुष, एकाच नळीत, गुण्यागोविंदानं.

त्या अहवालासमोर बसल्यावर मला एकदम तुझ्या कपाळावरचा चष्मा दिसला. मी काकांना फोन लावला. काका बिचारे खोटं बोलायला बसले की आधी हवामानाबद्दल बोलतात. ते ऊन, मग ढग, मग वारा असं करत आले आणि शेवटी मी म्हटलं, काका, तुम्ही नळीत थुंकलात का? त्यांनी एकदा पावसाचा अंदाजही सांगून पाहिला. मग म्हणाले,

"अगं, तूच म्हणालीस ना रेघेपर्यंत भरायची? तिची अर्धीच झाली. तिच्या तोंडाला हल्ली कोरड असते. म्हणाली, आपल्या घरातून अर्धी वाटी कधी कुणाकडे गेलीय का? मग मी वर घातली."

आत्या, मी फोन हातात धरून हसले, आणि हसता हसताच थांबले. शेजाऱ्यांची वाटी रिकामी परत द्यायची नाही हे तूच आम्हाला शिकवलंस. पण जनुकशास्त्रात वाटी अर्धी गेली तरी चालते, तिच्यात दुसऱ्या घरचं कालवण घालून चालत नाही. आणि थांबले ते त्या कोरडीमुळे. काकांना एकदा सुरुवात करून दिली की ते थांबत नाहीत, हे तुला माहीतच आहे (त्यांना रागावू नकोस, ते घाबरलेले होते आणि त्यांना बोलायला कुणीतरी हवंच होतं). तू उशाशी पाण्याची बाटली ठेवतेस. चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय. डॉक्टरांनी मागे एकदा साखर वाढलीय, पुन्हा तपासायला या, असं सांगितलं, आणि तू पुन्हा त्या रस्त्यानं गेली नाहीस, भाजीसुद्धा लांबून वळसा घालून आणतेस. कारण काय, तर भावाच्या आणि भाचीच्या सुया पाहिल्यास आणि तुला सुई सहन होत नाही. शिवणक्लासच्या बाईंना.

मी सगळं मॅडमना सांगितलं. वाटीचं सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या आणि हातमोज्यांचे शब्द मागे घेतले, ते मी मोठ्या मनानं परत घेऊ दिले. शंकासुरानं तर आकडे मांडून दाखवले, की त्या मिसळलेल्या नळीत बदललेलं अक्षर क्षीण का होईना पण दिसतंय, आणि काकांकडून ते यायचं कारण नाही, तेव्हा आत्यांचंच असणार. माझा जीव भांड्यात पडला. मॅडम म्हणाल्या, हा अंदाज झाला, पुरावा नाही, आणि अंदाजावर कुणाच्या मुलीचं इन्सुलिन थांबवायचं नसतं. मला त्यांचा राग आला आणि त्या बरोबर आहेत हेही कळलं, दोन्ही एकदमच. वर त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती तुला सांगायलाच हवी. तुझ्यात ते अक्षर आहे असं निघालं, आणि तुला साखर नाही असंच आम्ही धरून चाललो, तर त्याचा अर्थ होईल, अक्षर असून माणूस ठणठणीत आहे, म्हणजे अक्षर निरुपद्रवी. काटा उलट्या बाजूला पडेल. चिंगीची गोळी तुझ्या त्या एका वाक्यानं जाईल. तू दिवसभर उभी असतेस, त्या वाक्यानं.

चिंगीला गोळीबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. पण परवा शाळेची सहल ठरली, रात्री मुक्कामाची, आणि बाईंनी तिला न्यायला नकार दिला. इंजेक्शनं, मध्येच साखर उतरली तर काय, जबाबदारी कोण घेणार, बाईंचंही खोटं नाही. मागे एकदा वर्गातच तिची साखर उतरली आणि तिला बाकावर आडवं करावं लागलं होतं. ती घरी आली, दप्तर ठेवलं, सुई लावली, जेवली. रडली नाही. आईनं विचारल्यावर एवढंच म्हणाली,

"गोळी असती ना, तर खिशात राहिली असती. कुणाला कळलंही नसतं."

आईनं त्या दिवशी विज्ञानाची बाजू घेतली नाही, कुणाचीच घेतली नाही, नुसती भांडी घासत राहिली. मी मात्र ठरवलं. मला तुझं स्वतःचं, बिनभेसळीचं रक्त हवं आहे. लाळ नको, तुझ्या तोंडाला उगाच त्रास, आणि काकांवर माझा आता विश्वास नाही. आणि त्याच रक्तातून तुझी साखरही खरी खरी बघायची आहे. ती निघाली, तर चिंगीसाठी जे ठरेल ते तुझ्यासाठीही ठरेल, आणि तू ज्या सुयांना इतकी घाबरतेस त्या कदाचित तुझ्याही वाट्याला येणार नाहीत. नाही निघाली, तर मी जाहीरपणे तुझी माफी मागेन. कसंही निघालं तरी गोळी लगेच हातात पडणार नाही. साखरेचे डॉक्टर अहवाल बघतील, हळूहळू, लक्ष ठेवून बदल करतील, तोवर चिंगी टोचतच राहील. मी खोटी आशा दाखवत नाही. तू मला काहीतरी होताना बघायचं म्हणून शिकवलंस, आणि मी शिकले त्यातली ही पहिलीच गोष्ट आहे जी आपल्या घरातल्या कुणाच्या उपयोगी पडू शकते. मी ती अर्ध्यावर सोडणार नाही. हा हट्टीपणा कुणाच्या जनुकातून आला ते शोधायला मला प्रयोगशाळा लागत नाही.

घाई नाही. सावकाश विचार कर, काकांशी बोल, मन झालं की उलट टपाली कळव. थोरांस नमस्कार, काकांना नमस्कार आणि एक ताकीद, क्लासच्या मुलींना आशीर्वाद देण्याइतकी मी अजून मोठी झालेली नाही, म्हणून नुसती आठवण.

तुझी,
रक्तातलं काहीतरी बघणारी भाची

ता. क. आई म्हणते, अर्ध्या वाटीचं तिनं कुणालाही सांगितलेलं नाही. मी तिला हे विचारलं त्याआधीच खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला त्याबद्दल विचारलं होतं, हा योगायोग असावा.

ता. क. दुसरा. नाही म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे, कारण न सांगतासुद्धा. हे तुला स्पष्ट सांगायलाच हवं, असं मॅडमनी बजावलं आहे, आणि मलाही ते पटतं. सांगितलं.

ता. क. तिसरा. "घाई नाही" आणि "उलट टपाली" हे वर लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून. हे पत्र टपालानं आलेलं नाही. ते मी आत्ता तुझ्या हातात दिलंय आणि तू वाचत असताना तुझ्या बाहेरच्या खोलीत तुझ्यासमोर उभी आहे. माझ्या शेजारी निळा डबा घेऊन उभ्या आहेत त्या आमच्या रक्त काढणाऱ्या ताई. त्यांचा हात इतका हलका आहे, की माणसं विचारतात, घेतलं का. खुर्चीवर बसलीय ती चिंगी. ती म्हणते, आधी माझी वेळ झालीय, मी टोचून घेते, मग आत्यानं घ्यावं. नाही म्हणायचं असेल तर मला सांगू नकोस, मी ऐकून घेईन आणि निघून जाईन. मान वर कर आणि तिला सांग.